नदी, तलाव, खाडी राखणाऱ्या माणसांचा सत्कार करायचाय? मग तो असा करा

आपल्याकडे सत्कार म्हटलं की शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, एक स्मृतिचिन्ह आणि मागे मोठा फ्लेक्स, एवढं ठरलेलं असतं. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना ते शोभतं. पण जो माणूस वर्षानुवर्षं नदीत सुटणारं रसायनाचं पाणी पकडतोय, तलावात पडणारा भराव थांबवतोय, किंवा खाडीतली कांदळवनं तुटू नयेत म्हणून कोर्टाच्या चकरा मारतोय, त्याची लढाई अजून चालूच असते. त्याला शाल देऊन घरी पाठवलं की आपलं समाधान होतं आणि दुसऱ्या दिवशी तो परत एकटा. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, सत्कार असा करा की त्या माणसाचं काम निदान एक पाऊल पुढे जाईल, आणि ते पाऊल नेमकं कुठलं हे आपण ठरवायचं नाही, त्यालाच विचारायचं.

हे का म्हणतोय ते वर्सोव्याच्या उदाहरणावरून कळेल. अफरोज शाह हे मुंबईतले वकील, त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये शेजारच्या एका ८४ वर्षांच्या आजोबांना सोबत घेऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली, लोक जोडले गेले, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' सन्मान त्यांना मिळाला. याहून मोठा सत्कार काय असणार? तरी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना मोहीम थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं, कारण गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती. नंतर आश्वासन मिळालं, काम परत सुरू झालं, आणि २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना लोकांनी पाहिली. म्हणजे जगभर नाव झालं तरी रोजची अडचण होती कचऱ्याच्या गाडीची. तुमच्या गावातल्या माणसाची अडचण अशीच काहीतरी छोटी, रोजची आणि चिकट असणार, ती आधी शोधा.

आता माणूस शोधायचा कसा. पेपरात ज्याचं नाव सारखं येतं तो आपोआप डोळ्यासमोर येतो, त्याचाही सत्कार करा, पण तिथेच थांबू नका. पाण्यात काही बिघडलं की सगळ्यात आधी कोणाला कळतं याचा विचार करा. मासे मरून वर आले की भोई, कोळी, धिवर समाजाच्या लोकांना कळतं, पाण्याला वास आला की रोज पोहायला जाणाऱ्यांना आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना कळतं, मोटर लावून नदीचं पाणी शेताला देणाऱ्याला पिकावरून कळतं. या लोकांना जाऊन विचारा की "तुमच्याकडे यावर बोलणारं, तक्रार करणारं कोण आहे?" दोन-तीन जणांनी एकच नाव घेतलं की समजा सापडलं. दुसरा मार्ग जरा कागदी आहे पण फार उपयोगाचा, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे म्हणजे एनजीटीचे आदेश ऑनलाइन बघता येतात, आपल्या नदीचं किंवा तलावाचं नाव टाकून शोधा, आदेशाच्या पहिल्याच पानावर अर्जदाराचं नाव असतं, आणि बऱ्याचदा ते आपल्याच तालुक्यातल्या कुणाचंतरी निघतं.

भंडारा-गोंदियाकडे बघा. तिकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात असलेले, कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले, धानाला पाणी आणि धिवरांना मासे देणारे. बेशरम वनस्पती माजली, गाळ भरला, स्थानिक मासे कमी झाले. तिथे संस्थेमार्फत तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबत धिवर समाजातले लोक, त्यात बायका मोठ्या संख्येने, यांनी बेशरम उपटून काढली आणि तलावात पूर्वी असायच्या त्या पाणवनस्पती परत लावल्या, कारण कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो हे धिवरांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं. असं काम शहरात बसून दिसत नाही. तिथे सत्कार करायचा तर फक्त संस्थेच्या प्रमुखाला बोलावून भागत नाही, चिखलात उतरलेल्या बायकांची नावं पत्रिकेवर यायला पाहिजेत, आणि सगळी यायला पाहिजेत.

एकाचा करायचा की सगळ्यांचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि त्यावरून गावात मनं दुखावतात. माझं स्पष्ट मत, शक्य तिथे समूहाचा करा. राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नदी गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधून जिवंत केली, त्या कामातल्या राजेंद्र सिंह यांना २००१ मध्ये मॅगसेसे आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम वॉटर प्राइज मिळालं, ते योग्यच होतं. पण मला त्याहून जास्त भावतं ते हे की २००० साली राष्ट्रपती के. आर. नारायणन स्वतः तिकडे गेले आणि भावता-कोल्याला या गावाला, आख्ख्या गावाला, पुरस्कार दिला. दिल्लीला कुणाला बोलावलं नाही, ज्यांनी दगड-माती उचलली त्यांच्या दारात देशाचा राष्ट्रपती गेला. आपल्याला राष्ट्रपती मिळणार नाहीत, पण दारात जाणं आपल्याला जमतं ना!

माणूस ठरला की त्याच्याकडे जा, फोनवर उरकू नका, आणि आधी परवानगी घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. वाळूउपशाविरुद्ध बोलणारा माणूस असेल तर त्याच्या जिवाला धोका असू शकतो. कारखान्याच्या सांडपाण्याची माहिती देणाऱ्याचा भाऊ त्याच कारखान्यात कामाला असू शकतो. एखाद्या बाईंच्या घरी या सगळ्याला विरोध असू शकतो. त्यांचं नाव छापायचं का, फोटो टाकायचा का, गावाचं नाव घ्यायचं का, हे एकेक वेगळं विचारा, आणि "नको" म्हणाले तर आग्रह करू नका. अशा वेळी त्यांच्या घरी चार जणांनी जाऊन, जेवण करून, हातात पत्र देऊन यायचं. तोही सत्कारच आहे, आणि त्याचा फोटो कुठेही टाकायचा नाही.

त्याच भेटीत विचारा की "दादा, ताई, तुम्हाला आत्ता नेमकं काय हवंय?" पहिल्यांदा उत्तर येतं "काही नको हो", ते खरं मानू नका, थोडं बसा, चहा होऊ द्या, मग हळूहळू बाहेर येतं. कुणाला माहितीच्या अधिकारात मागवलेल्या कागदांचे पैसे भरायचे असतात, अर्जाला १० रुपये लागतात पण पुढे पानाला २ रुपये प्रमाणे फाइल मोठी असली की हजारांत जातं. कुणाला पुण्याच्या एनजीटी खंडपीठात तारखेला जायला गाडीभाडं नसतं. कुणाला पाण्याचा नमुना तपासायचं साधं किट हवं असतं, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते, मोजणारं, कारण "पाणी काळं झालंय" म्हटलं तर अधिकारी ऐकत नाहीत, आकडा दाखवला की ऐकावं लागतं. गमबूट, लाइफ जॅकेट, बरा कॅमेरा असलेला फोन, वकिलाची फी, जुने कागद स्कॅन करून देणारं कुणीतरी पोरगं. आणि बऱ्याच जणांना हवी असतात फक्त चार माणसं, जी पुढच्या सुनावणीला किंवा पाहणीला सोबत येऊन उभी राहतील. स्मृतिचिन्हाचं बजेट इकडे वळवा. पैसे द्यायचे असतील तर स्टेजवर पाकीट देऊ नका, शांतपणे खात्यात टाका, आणि काही लोक तत्त्व म्हणून पैसे घेत नाहीत, त्यांना वस्तू किंवा वेळ द्या.

तारीख निवडताना डोकं वापरा. २ फेब्रुवारी जागतिक पाणथळ दिवस, १४ मार्च नद्यांसाठीच्या कृतीचा दिवस, २२ मार्च जलदिन, सप्टेंबरचा चौथा रविवार जागतिक नदी दिवस, २८ नोव्हेंबर भारतीय नदी दिवस, असे भरपूर दिवस आहेत. पण कोळी बांधवांचा सत्कार सप्टेंबरात ठेवलात तर ते समुद्रात असणार! आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा लोक घरी भेटतात, किंवा मग नारळी पौर्णिमा, तो त्यांचाच सण, पण तिथे आपण पाहुणे म्हणून जायचं, त्यांचा कार्यक्रम आपला करायचा नाही. शेतकरी असेल तर पेरणी आणि काढणी सोडून बघा. खाडीकिनारी कार्यक्रम असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी कोळ्यांना विचारा, नाहीतर खुर्च्या पाण्यात जातील.

जागा शक्यतो काठावरची. हॉलमध्ये एसी असतो पण नदी नसते. पाण्याला वास येत असेल तर येऊ दे, प्रमुख पाहुण्यांनाही तो येऊ दे, दहा भाषणांनी होणार नाही ते त्याने होईल. मात्र पावसाळ्यात, पुराच्या काळात काठावर गर्दी जमवू नका, आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला सावली आणि जवळ स्वच्छतागृह आहे का ते बघा, बायका याच कारणाने कार्यक्रमाला थांबत नाहीत.

आता पैसा कोणाचा घ्यायचा. इथे मी अजिबात तडजोड करत नाही. ज्यांचं सांडपाणी त्या नदीत जातं, ज्यांचा भराव त्या तलावात पडतो, त्यांचा एक रुपया घ्यायचा नाही आणि त्यांचा लोगो बॅनरवर लावायचा नाही. सत्कारमूर्तीला अशा लोगोखाली उभं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याच्या लढाईची किंमत कमी करणं. पैसे कमी पडले तर मंडप नको, चहा-पोहे ठेवा, वर्गणी काढा, तेवढ्यात होतं. शंका असेल तर सत्कारमूर्तीलाच विचारा, कोण काय सोडतंय हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पाहुणे म्हणून नेत्यांना बोलवायचं का? बोलवा, पण क्रम बदला. आधी सत्कारमूर्ती बोलणार, पाहिजे तेवढा वेळ बोलणार, आणि पाहुण्यांनी समोर बसून ऐकायचं, मग त्यांनी उत्तर द्यायचं. माझ्या मते नगरसेवकापेक्षा महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाचे इंजिनिअर आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी येणं जास्त महत्त्वाचं, कारण नाला कुठे मिळतो, शुद्धीकरण केंद्र किती चालतं हे त्यांच्या टेबलावर ठरतं. त्यांना आठवडाभर आधी लेखी प्रश्न द्या, अपमान करायचा नाही, कोंडीत पकडायचं नाही, पण उत्तर घेऊन या म्हणायचं. त्यातले काही अधिकारी मनापासून काम करणारे असतात आणि त्यांनाही वरून दबाव असतो, लोकांसमोर बोललं की त्यांचेही हात थोडे मोकळे होतात.

मानपत्राबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण शाल विरते, किट बंद पडतं, पण मानपत्र भिंतीवर राहतं आणि उद्या कोर्टात, पेपरात, शाळेत कुणीतरी तेच वाचून दाखवतं. आपल्याकडे मानपत्र म्हणजे विशेषणांचा पाऊस, जलदूत, आधुनिक भगीरथ, नदीमातेचे सुपुत्र. यातून त्या माणसाने केलं काय हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याऐवजी घटना लिहा. कधी पाहिलं, काय पाहिलं, कोणाला कळवलं, काय त्रास झाला, काय बदललं, काय अजून बाकी आहे. साधारण असं:

"आपण रोज पहाटे घाटावर पोहायला येत होता. पाण्यावर फेस दिसू लागला तेव्हा आपण वहीत तारीख, वेळ आणि वास लिहायला सुरुवात केली. त्या नोंदी घेऊन आपण ग्रामपंचायतीत, मग तहसीलमध्ये, मग प्रदूषण मंडळात गेलात. आपल्यावर केस झाली, दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं, तरी वही थांबली नाही. त्या वहीमुळे वरच्या अंगाचा एक पाइप बंद झाला. दुसरा अजून चालू आहे. तो बंद होईपर्यंत आम्ही, खाली सही करणारे, आपल्यासोबत तारखेला हजर राहू. या कामात आपल्यासोबत असलेल्यांची नावं अशी..."

आणि मग खरंच नावं लिहायची, घरच्यांचीसुद्धा, कारण नवरा तक्रारी करत फिरत होता तेव्हा दुकान बायको सांभाळत होती. छापायच्या आधी हा मजकूर त्यांना वाचून दाखवा. ज्या गोष्टीचा पुरावा नाही किंवा जी केस कोर्टात चालू आहे तिच्याबद्दल कोणाचं नाव घेऊन आरोप लिहू नका, त्याने उलट सत्कारमूर्तीच अडचणीत येतो. आणि मानपत्राखाली अध्यक्ष-सचिव एवढ्याच सह्या नकोत, आलेल्या सगळ्यांच्या घ्या, "तारखेला हजर राहू" हे वाक्य ज्याला पाळायचंय त्यानेच सही करायची.

ज्ञानाचा मान ही अजून एक गोष्ट सुटते. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर कमी ठेवलं तर लाटा-वाऱ्यात बोटी सुखरूप जाणार नाहीत. मूळ आराखड्यात ६० मीटर होतं, मच्छीमार जास्त मागत होते, बरंच आंदोलन झालं आणि शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये १२० मीटर मान्य झालं. त्यांना हवं होतं तेवढं मिळालं नाही, पण समुद्र वाचणाऱ्याचं म्हणणं इंजिनिअरच्या कागदावर आलं. म्हणून सत्कारात "गरीब मच्छीमार", "अशिक्षित असूनही" असले शब्द वापरू नका. ते जाणकार म्हणून स्टेजवर आलेत, त्यांना पाण्याबद्दल प्रश्न विचारा, उत्तर रेकॉर्ड करून ठेवा.

जे हरले त्यांचं काय? त्यांचाही करा, मी तर म्हणेन आधी करा. मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी उभे राहिले, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालंच, जमिनी गेल्या. पण धरणाखाली जाणाऱ्या माणसाला विचारायला हवं हा मुद्दा आपल्याकडे तिथून सुरू झाला. सेनापतींचं नाव रस्त्यांना आहे, सोबतच्या मावळ्यांची आणि तुरुंगात गेलेल्या बायकांची नावं किती जणांना सांगता येतील? तुमच्या भागात पाणी वाचवता न आलेली एखादी लढाई झाली असेल तर तिच्या कार्यकर्त्यांकडे अजून फाइली पडून असतील, आणि त्यांना कुणी "तुम्ही बरोबर होतात" असं म्हटलेलं नसेल.

आणि प्लीज, माणूस जिवंत असताना करा. प्रा. जी. डी. अग्रवाल, आयआयटी कानपूरचे प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव, गंगेच्या वरच्या प्रवाहांवरचे जलविद्युत प्रकल्प थांबावेत म्हणून उपोषणाला बसले आणि १११ दिवसांनी, ११ ऑक्टोबर २०१८ ला गेले. श्रद्धांजल्या लगेच आल्या, मागण्यांची पत्रं मात्र ते जिवंत असताना तशीच पडून होती. ज्याला मान द्यायचाय त्याचं पत्र वाचा, त्याला उत्तर द्या, आणि तो उपोषणाला बसायची वेळ येण्याआधी.

काही ठिकाणी कार्यक्रम करायचीसुद्धा गरज नसते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने २००२ पासून कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, गावाने ते काम आपलं मानलं, आणि हळूहळू कासव महोत्सव उभा राहिला. तिथे जायचं, गावातल्या घरी राहायचं, त्यांच्या हातचं जेवायचं, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यायचे, पिल्लं बघताना फ्लॅश मारायचा नाही आणि कासवमित्र सांगेल तिथेच उभं राहायचं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तिथेही हेच. त्यांचं पोट त्या खाडीवर चाललं तर खाडी राखायला त्यांना दुसरं कारण लागत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. फ्लेक्स नको, कापडी बॅनर रंगवून घ्या, त्यावर वर्ष टाकू नका म्हणजे परत वापरता येतो. थर्माकोल नको, प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, बुके नको कारण तो संध्याकाळी निर्माल्य म्हणून त्याच नदीत जातो. झाड द्यायचं तर त्या काठावर वाढणारं द्या, करंज, उंबर, वाळुंज, आणि ते कुठे लावणार, पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. नदीत दिवे, फुलं, नारळ सोडायचा मोह टाळा.

कार्यक्रम संपल्यावरचं काम खरं तर मोठं आहे. त्याच आठवड्यात एक करा, त्यांच्याकडचे कागद, फोटो, वह्या स्कॅन करून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण पुरात आणि घर बदलताना हे सगळं जातं. पेपरात बातमी देताना सत्काराची नको, बाकी राहिलेल्या मागणीची द्या, सत्कार दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे. गाव असेल तर ग्रामसभेत ठराव मांडा, अभिनंदनाचा एक आणि त्या नाल्याबद्दलचा दुसरा, दोन्ही इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि प्रत मागा, ती पुढे अर्जाला जोडता येते. शहरात राहत असाल तर आपल्या सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प खरंच चालू असतो का, की फक्त पाहणीच्या दिवशी, ते कमिटीला विचारा. नदीवाल्याचा सत्कार करून आलेल्या माणसाच्याच इमारतीचं पाणी नदीत जात असेल तर ते आधी थांबायला हवं.

मग त्यांच्या पुढच्या सुनावणीची, पुढच्या पाहणीची, किंवा नुसत्या रविवारच्या सफाईची तारीख मागून घ्या आणि ज्यांनी मानपत्रावर सह्या केल्यात त्या सगळ्यांना ग्रुपवर पाठवा, आदल्या दिवशी परत आठवण करा, आणि कोण कोण येणार, गाडी कोणाची, डबा कोण आणणार हे त्याच रात्री ठरवून टाका.